फॉस्फरस वाढले म्हणून भाकरी बंद करावी का? आणि बोअरच्या पाण्याचे काय?

गेवराई तालुक्यातील एका शेतकरी वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आईंचे वय ५८ असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. अलीकडच्या तपासणीत क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा आणि मूत्रपिंडाने गाळून टाकायचा पदार्थ) २.८ आले, मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, म्हणजे अहवालातला ईजीएफआर, १९ वर आल्याचे कळले आणि रक्तातील फॉस्फरस ५.८ निघाले. डॉक्टरांनी फॉस्फरस कमी असलेला आहार घ्यायला सांगितले. त्यावर घरच्यांनी ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी असे सगळे बंद करून आईंना चहा-टोस्ट, पाव आणि बिस्किटांवर ठेवले. त्यातच कुणीतरी सांगितले की वर्षानुवर्षे शेतात टाकलेल्या डीएपी खतामधले फॉस्फेट बोअरमध्ये उतरले आहे आणि त्यामुळेच किडनी गेली. भाकरी सोडली ते बरोबर झाले का, बोअरचे पाणी बंद करावे का आणि घरातल्या मुलांनी काय सांभाळावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांचा आहार ठरवणे हे माझे रोजचे काम आहे आणि या प्रश्नातील पहिली गोष्ट मला आमच्या भागात सतत दिसते. म्हणून उत्तर आधी स्पष्टपणे देते. आईंची भाकरी आणि बेताचे वरण पुन्हा सुरू करावे, टोस्ट आणि बिस्किटे कमी करावीत. बोअरच्या पाण्यातील फॉस्फेटमुळे त्यांचे मूत्रपिंड बिघडले असण्याची शक्यता जवळजवळ नाही, मात्र त्या पाण्याची तपासणी दुसऱ्या कारणांसाठी अवश्य करावी. अन्नात फॉस्फरस किती आहे यापेक्षा ते कोणत्या रूपात आहे आणि त्यातले रक्तात किती उतरते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते. पथ्याच्या छापील कागदावर नेमकी हीच गोष्ट बहुधा नसते.

फॉस्फरस हे शरीराला अत्यावश्यक खनिज आहे. शरीरात, अन्नात आणि खतात ते प्राणवायूशी जोडलेल्या रूपात असते, त्यालाच फॉस्फेट म्हणतात. प्रौढ माणसाच्या शरीरात ते सुमारे ७०० ग्रॅम असते आणि त्यातले ८५ टक्के हाडांत व दातांत, कॅल्शियमबरोबर बांधलेले असते. उरलेले पेशींच्या आवरणात, जनुकीय द्रव्यात आणि पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगांत असते. रक्तात फिरणारा भाग अगदी थोडा असून प्रौढांमध्ये तो दर डेसिलिटरला साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम या मर्यादेत राहतो. ही मर्यादा राखण्याचे मुख्य काम मूत्रपिंडांचे आहे. निरोगी माणसाने एखाद्या दिवशी दुप्पट फॉस्फरस खाल्ले तरी जादा भाग लघवीवाटे निघून जातो, आणि म्हणूनच निरोगी माणसाने डाळीत किती, दुधात किती असा हिशेब करण्याची काहीच गरज नसते.

मूत्रपिंड कमजोर होऊ लागले की हा निचरा हळूहळू तुंबतो, परंतु रक्ताच्या अहवालात ते फार उशिरा दिसते. मधल्या काळात हाडांतून एफजीएफ-२३ नावाचे संप्रेरक अधिकाधिक सुटते, गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथीही जोर लावतात, आणि दोन्ही मिळून उरलेल्या मूत्रपिंडाकडून जास्तीचे फॉस्फेट बाहेर काढून घेतात. या धडपडीची किंमत शरीर मोजत असते. ‘ड’ जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप कमी बनू लागते, हाडांतील कॅल्शियम निघू लागते, हृदयाच्या भिंतीवरही परिणाम होतो. ईजीएफआर साधारण ३० च्या खाली गेल्यावर ही व्यवस्थाही अपुरी पडते आणि मग रक्तातला आकडा चढतो. तुमच्या आईंचा अहवाल याच टप्प्यावरचा आहे.

आकडा चढल्यावर रुग्णाला लगेच काही जाणवतेच असे नाही. काहींना अंगाला असह्य खाज सुटते, विशेषतः रात्री, आणि घरचे ती त्वचेची तक्रार समजून मलमे लावत राहतात. काहींची हाडे दुखतात. खरे नुकसान रक्तवाहिन्यांत होते. फॉस्फेट सतत जास्त राहिले की रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायुपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि भिंतीत चुना साठू लागतो. डायलिसिसच्या रुग्णाचा साधा एक्स-रे काढला तरी कधीकधी हातापायांच्या धमन्या हाडांसारख्या पांढऱ्या रेषांनी उमटलेल्या दिसतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू इतके जास्त का असतात, याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे. डॉक्टरांनी फॉस्फरस कमी करायला सांगितले ते म्हणूनच अगदी योग्य आहे. प्रश्न उरतो तो कुठून कमी करायचे याचा.

ज्वारी, बाजरी, गहू, तूर, हरभरा, तीळ, शेंगदाणे या सगळ्या धान्यांत आणि बियांत फॉस्फरसचा मोठा भाग फायटेट नावाच्या संयुगात बंद असतो. ते संयुग फोडणारे फायटेज हे विकर (एन्झाइम) माणसाच्या आतड्यात जवळजवळ नसते. त्यामुळे ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅमला अडीचशे-पावणेतीनशे मिलिग्रॅम फॉस्फरस दिसत असले, तरी त्यातले निम्म्याहून कमीच रक्तात पोहोचते आणि बाकीचे शौचावाटे निघून जाते. एका मध्यम भाकरीत दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम फॉस्फरस धरले तर आईंच्या रक्तात जाणारा भाग साठ-ऐंशी मिलिग्रॅमच्या आसपास राहील. दूध, दही, अंडी, मटण, चिकन यांतील फॉस्फरस यापेक्षा बरेच जास्त शोषले जाते. आणि कारखान्यात अन्नपदार्थांत मिसळलेले फॉस्फेटचे क्षार पोटात गेल्यावर लगेच विरघळतात, त्यातले ९० टक्के किंवा अधिक थेट रक्तात उतरतात.

अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण फार काटेकोर अभ्यासात मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांना एक आठवडा मांसाहार व दुग्धजन्य पदार्थांवर आणि एक आठवडा धान्य-कडधान्यांवर आधारलेल्या शाकाहारावर ठेवले होते. दोन्ही आठवड्यांत ताटातले एकूण फॉस्फरस सारखेच होते. तरीही शाकाहाराच्या आठवड्यात रक्तातील फॉस्फरस आणि एफजीएफ-२३ दोन्ही कमी राहिले. रुग्ण मोजके होते हे खरे, परंतु पुढे आहारशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही फॉस्फरसचा स्रोत पाहून सल्ला द्यावा असे नमूद झाले. मराठवाड्यातील साधे जेवण, म्हणजे भाकरी, एखादी पालेभाजी, पातळ वरण आणि ताक, हे या बाबतीत रुग्णाच्या बाजूचे आहे, आणि तेच आधी बंद केले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

भाकरीऐवजी पाव-टोस्ट देण्यामागे एक तर्क असतो आणि तो पूर्णपणे निराधार नाही. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात कोंडा काढून टाकलेला असल्याने फॉस्फरस खरोखर कमी असते. जुन्या तक्त्यांत म्हणूनच मैद्याचे पदार्थ सुचवलेले आढळतात. परंतु तुमच्या आईंना मधुमेह आहे. मैद्याने साखर झपाट्याने चढते, कोंड्याअभावी बद्धकोष्ठ होते आणि बद्धकोष्ठाने पोटॅशियमचा निचराही मंदावतो. शिवाय दुकानातला पदार्थ केवळ मैद्याचा नसतो. एका वेळी भात आणि एका वेळी भाकरी अशी वाटणी मी अनेक रुग्णांना सुचवते, साखर पाहून भाताचे प्रमाण बेताचे ठेवते, आणि ते व्यवस्थित चालते.

आता पाकिटांकडे वळू. रुग्णाच्या नातेवाइकांना मी घरातल्या खाण्याची रिकामी पाकिटे पिशवीत घालून आणायला सांगते आणि ती टेबलावर पसरून त्यांच्यासमोरच वाचते. भारतात पाकिटावर मिश्रित द्रव्यांचे क्रमांक छापणे बंधनकारक आहे, मात्र त्या पदार्थात फॉस्फरस किती आहे हे छापणे बंधनकारक नाही. त्यामुळे आकडा मिळत नाही, फक्त खूण मिळते, आणि ती ओळखता यायला हवी. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक आम्ल. ३३९, ३४०, ३४१ आणि ३४३ हे अनुक्रमे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे फॉस्फेट. ४५०, ४५१ आणि ४५२ म्हणजे डायफॉस्फेट, ट्रायफॉस्फेट आणि पॉलिफॉस्फेट. ५४१ म्हणजे सोडियम ॲल्युमिनियम फॉस्फेट. अक्षरे अतिशय बारीक असतात, तेव्हा मोबाईलने फोटो काढून मोठे करून पाहावे.

क्रमांक ओळखता आले की पाकिटापाकिटातला फरकही कळतो. पुष्कळ साध्या बिस्किटांत फुगवण्यासाठी ५०० आणि ५०३ वापरलेले असतात. ते सोडा आणि अमोनियाचे क्षार आहेत, फॉस्फेट नव्हेत. त्याच फळीवरच्या केकच्या, मफिनच्या किंवा क्रीमच्या एखाद्या प्रकारात मात्र ४५० किंवा ३४१ सापडतो. झटपट नूडल्समध्ये ४५१ किंवा ४५२ अनेकदा असतो. प्रक्रिया केलेल्या चीजच्या चकत्यांमध्ये ३३९ आणि ४५२ हे वितळण्यासाठी घातलेले असतात, चहात टाकायच्या दूध पावडरींपैकी काहींत ३३९ किंवा ३४० असतो, आणि गोठवलेल्या नगेट-कबाबांत पाणी धरून ठेवण्यासाठी ४५१, ४५२ असतात. गडद रंगाच्या कोलात ३३८ असतो. गावातल्या बेकरीच्या सुट्या टोस्टवर आणि खारीवर काहीच छापलेले नसते, तेव्हा त्यात काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय यातील पुष्कळ क्षार सोडियमचे असतात, म्हणजे रक्तदाबाच्या रुग्णावर मिठाचाही बोजा वाढतो.

हे वाचायला शिकल्याने फरक पडतो का, याचे चांगले उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात २७९ डायलिसिस रुग्णांवर झालेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात साधारण निम्म्या रुग्णांना पाकिटावरची फॉस्फेटयुक्त द्रव्ये ओळखून टाळायला शिकवले गेले, बाकीच्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला. तीन महिन्यांनी शिकवलेल्या गटातील फॉस्फरस दुसऱ्या गटापेक्षा ०.६ मिलिग्रॅमने अधिक उतरले होते. हा आकडा लहान वाटेल. परंतु ५.८ वरून ५.२ वर येणे हे एकही औषध न वाढवता झाले, तर मला ते फार मोलाचे वाटते.

घरच्या स्वयंपाकाकडे येते. डाळ, कडधान्ये आणि भाज्या भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिले तर फॉस्फरसचा आणि पोटॅशियमचा लक्षणीय भाग पाण्यात निघून जातो. सणावाराला पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून जो कट काढतो, त्यात हेच सगळे उतरलेले असते. पुरणाची एखादी पोळी एखाद्या सणाला चालवून घेता येईल, अर्थात साखर पाहून, परंतु कटाची आमटी आईंना वाढू नये. तुरीची डाळ शिजवण्याआधी भिजवून ते पाणी फेकावे आणि वरण पातळ करावे. एका वाटी वरणासाठी साधारण ३० ग्रॅम डाळ लागते, त्यातून सहा-सात ग्रॅम प्रथिने आणि ऐंशी-नव्वद मिलिग्रॅम फॉस्फरस मिळते, आणि त्या फॉस्फरसपैकीही निम्म्याहून कमीच रक्तात जाते. हा व्यवहार तोट्याचा नाही. वरण पूर्ण बंद केलेले रुग्ण काही महिन्यांत खंगलेले मी पाहते. स्नायू झिजले की क्रिएटिनिन थोडे खाली येते, घरच्यांना वाटते की पथ्य लागू पडले, प्रत्यक्षात माणूस वाळत चाललेला असतो. डायलिसिस सुरू नसलेल्या रुग्णाला दर किलो वजनामागे सुमारे ०.६ ते ०.८ ग्रॅम आणि डायलिसिसवरील रुग्णाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. आईंसाठी नेमके किती, हे त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

दूध आमच्याकडे ताकद देणारे म्हणून आजारी माणसाला आग्रहाने पाजले जाते. १०० मिलिलिटर गाईच्या दुधात ९० ते १०० मिलिग्रॅम फॉस्फरस असते, म्हशीच्या दुधात त्याहून जास्त, आणि ते चांगले शोषले जाते. दिवसाला चहासकट एखादा कप दूध किंवा वाटीभर दही पुरे. पाणी घालून घुसळलेले पातळ ताक दह्यापेक्षा सौम्य पडते, पण शरीरावर सूज असेल तर त्या पाण्याचाही हिशेब धरावा लागतो. खव्यात दूध आटून पाचव्या हिश्शावर आलेले असते, म्हणजे फॉस्फरसही तेवढेच दाट झालेले असते. कुंथलगिरीचे पेढे कुणी प्रेमाने आणले तरी आईंना ते नकोत, आणि मधुमेहामुळे तर नकोतच. कारळ, जवस, तीळ, शेंगदाणे यांच्या चटण्या फायटेटयुक्त असल्या तरी त्यांत फॉस्फरस आणि पोटॅशियम पुष्कळ असते. चवीपुरती चिमूटभर असावी, भाकरीवर पसरून खाण्याइतकी नको. कोरड्यासात, म्हणजे भाकरीबरोबरच्या कालवणात, दाण्याचा कूट सढळ हाताने घालण्याची पद्धत आहे, तिथेही हात आवरावा. सकाळच्या खाण्याला मुरमुऱ्यांचा सुशीला चांगला पर्याय आहे, फक्त दाणे आणि डाळवे नावापुरते घालावे आणि साखर पाहून बशी लहान ठेवावी. कुटुंब मांसाहारी असेल तर अंड्याचा पांढरा भाग उत्तम, कारण त्यात प्रथिने भरपूर आणि फॉस्फरस अत्यल्प असते. बलकात ते बरेच असते. मटणाचा रस्सा, पाया आणि कलेजी टाळावी.

औषधांविषयी मी मात्रा सांगणार नाही, तो डॉक्टरांचा अधिकार आहे, परंतु काही गोष्टी घरात माहीत असाव्यात. फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या, म्हणजे कॅल्शियम ॲसिटेट, कॅल्शियम कार्बोनेट, सेव्हेलॅमर वगैरे, या जेवणाच्या घासाबरोबरच घ्यायच्या असतात. आतड्यात अन्नातले फॉस्फेट पकडणे हेच त्यांचे काम आहे. रात्री झोपताना इतर गोळ्यांबरोबर रिकाम्या पोटी घेतल्या तर त्यांचा उपयोग जवळजवळ होत नाही, आणि ही चूक मला फार वेळा आढळते. सहा-सहा घरांत मिळून एकच सल्ला फिरतो म्हणून ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजारांची पाकिटे मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नयेत, त्याने आतड्यातून फॉस्फरसचे शोषण वाढू शकते. बद्धकोष्ठासाठी सोडियम फॉस्फेटचा एनिमा किंवा पोट साफ करण्याचे त्याच क्षाराचे द्रावण मूत्रपिंडाच्या रुग्णाला धोकादायक आहे. पोट साफ करण्यासाठी तोंडाने घ्यायच्या या द्रावणांनी मूत्रपिंडात फॉस्फेटचे सूक्ष्म स्फटिक साचून ती कायमची निकामी झाल्याची उदाहरणे आल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये त्यांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. भूक लागावी म्हणून दिल्या जाणाऱ्या काही टॉनिकांत ग्लिसरोफॉस्फेट असते, तीही बाटलीवर वाचून टाळावीत.

तपासणीविषयी एक बारकावा सांगते. लाल रक्तपेशींच्या आत फॉस्फेट रक्तद्रवापेक्षा बरेच जास्त असते. नमुना काढताना पेशी फुटल्या किंवा काढलेले रक्त वेगळे न करता तासन् तास उन्हातान्हातून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले, तर फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही खोटे वाढलेले येतात. मे महिन्यात तालुक्यातून गेलेल्या नमुन्याचा आकडा एकाएकी चढलेला दिसला, तर पथ्य आवळण्याआधी तपासणी नीट पुन्हा करून घ्यावी.

आता बोअरचे पाणी. जमिनीत टाकलेले फॉस्फेट फार हलत नाही. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर असते, ती फॉस्फेटला कॅल्शियमशी बांधून वरच्या थरातच अडकवते, आणि पिकाला स्फुरद (म्हणजे फॉस्फरसच) मिळत नाही म्हणून शेतकऱ्याला स्फुरद विरघळवणारी जिवाणू खते वापरावी लागतात, ती त्याच कारणाने. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत सुमारे १० किलो फॉस्फरस असते, परंतु त्यातले खोल बोअरपर्यंत पोहोचणारे अगदी नगण्य. समजा, पाणी खूपच दूषित आहे आणि लिटरमागे ५ मिलिग्रॅम फॉस्फेट निघाले, तर त्यातले प्रत्यक्ष फॉस्फरस १.६ मिलिग्रॅम असेल. दिवसाला तीन लिटर पाणी प्यायले तरी ५ मिलिग्रॅम. तेवढे फॉस्फरस एका चमचाभर दुधात असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, फॉस्फेटसाठी मर्यादाच नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्याच्या दृष्टीने तशी मर्यादा घातलेली नाही. ब्रिटनमध्ये तर शिशाच्या जुन्या नळांतून शिसे पाण्यात उतरू नये म्हणून नळाच्या पाण्यात मुद्दाम थोडे फॉस्फेट सोडतात.

खतातले नायट्रेट मात्र पाण्याबरोबर सहज खाली जाते. बोअरच्या पाण्यात तपासायचे ते नायट्रेट, फ्लोराइड, क्षारता आणि जंतू. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आणि फ्लोराइडची १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर फ्लोराइड १.५ पर्यंत. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात पावडरचे दूध कालवून तान्ह्या मुलाला पाजले तर त्याचे रक्त प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ ठरू शकते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना देता येतो. घरी आरओ असेल आणि त्यात क्षार बसू नयेत म्हणून पांढऱ्या खड्यांची नळी लावली असेल, तर ते खडे बहुधा पॉलिफॉस्फेटचे असतात. ती नळी पडद्याच्या आधी बसवलेली असते आणि प्रमाणही किरकोळ असते, त्याची चिंता नको. फवारणीची ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे हा सर्वस्वी वेगळा विषय आहे. ती मज्जासंस्थेवरचे विष आहेत आणि त्यांचा अन्नातील फॉस्फेटशी संबंध नाही.

मग पाण्यातल्या फॉस्फेटमुळे आरोग्याला काहीच धोका नाही का? धोका आहे, परंतु तो तलावातून येतो. साचलेल्या पाण्यात लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस झाले तरी शेवाळ माजायला पुरते. माणूस रोज सुमारे एक ग्रॅम फॉस्फरस मलमूत्रावाटे टाकतो, म्हणजे दहा लाख वस्तीच्या शहरातून दररोज एक टन, आणि त्यात कपड्यांच्या पावडरी आणि शेतांतून वाहून गेलेली माती वेगळी. छत्रपती संभाजीनगरची खाम नदी शेवटी नाथसागरात जाते. नांदेडला गोदावरीत जलपर्णीचा थर साचतो तोही याच खाद्यावर. उन्हाळ्यात पाणी आटते, तापते, आणि हिरवट साय धरते. त्या सायीतील निळ्या-हिरव्या जिवाणूंचे काही प्रकार मायक्रोसिस्टिन नावाचे, यकृताला मारणारे विष तयार करतात, आणि ते पाणी उकळून नष्ट होत नाही. पाझर तलावावर अशी साय दिसली तर जनावरांनाही तिथे पाणी पाजू नये.

ब्राझीलमधील कारुआरू या शहरात १९९६ साली एका डायलिसिस केंद्राला अशाच जलाशयाचे, पुरेसे शुद्ध न केलेले पाणी टँकरने पुरवले गेले. डायलिसिसमध्ये रुग्णाच्या रक्ताचा एका सत्रात शंभर लिटरहून अधिक पाण्याशी संबंध येतो. मायक्रोसिस्टिन थेट रक्तात गेले आणि ५० हून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन दगावले. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरशिवाय भागत नाही आणि डायलिसिस केंद्रे आता तालुक्यांतही होऊ लागली आहेत. टँकरचे पाणी कुठून भरले आणि केंद्रातील शुद्धीकरण यंत्रणेची तपासणी शेवटची कधी झाली, हे विचारण्याचा रुग्णाच्या घरच्यांना हक्क आहे आणि त्यांनी तो संकोच न करता बजावावा.

मुलांविषयी थोडक्यात सांगायचे तर त्यांच्या दुधाला, डाळीला, शेंगदाण्यांना हात लावू नका, वाढत्या हाडांना ते हवेच आहे. कोला आणि झटपट नूडल्स रोजच्या सवयीच्या होऊ देऊ नयेत. रोज कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी आढळल्याचे अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील २००६ च्या अभ्यासात दिसले होते. त्यात दोष फॉस्फोरिक आम्लाचा किती आणि दुधाची जागा कोलाने घेतल्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही, पण मुलाच्या हातातली बाटली बाजूला ठेवायला एवढे कारण पुरेसे आहे.

आईंचे मूत्रपिंड कशाने बिघडले, याचे सर्वांत संभाव्य उत्तर त्यांचा दीर्घकाळचा मधुमेह हेच आहे, आणि त्याबरोबर रक्तदाब असल्यास तोही. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या त्या घेत असतील तर त्या आजच बंद करून डॉक्टरांना कळवावे. पुढच्या भेटीत लघवीतील अल्ब्युमिन, पॅराथायरॉइड संप्रेरक, कॅल्शियम, पोटॅशियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांविषयी विचारावे. घरातली पाकिटे, टॉनिकच्या बाटल्या आणि सर्व गोळ्या बरोबर न्याव्यात. भाकरी-वरणावर परतून आणि पाकिटे बाजूला ठेवून चार ते सहा आठवडे झाले की फॉस्फरस पुन्हा तपासावे, आणि तो आकडा पाहून गोळी सुरू करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.